दुपारची कॉफी आणि रात्रीची झोप

(ट्रस्टच्या रौप्यमहोत्सवानिमित्त रामाकोना येथे भरलेल्या सभेतील भाषण)



आपल्या ट्रस्टला पंचवीस वर्षे पूर्ण झाली, त्या आनंदाच्या प्रसंगी मजसारख्या शाळामास्तराने चार शब्द बोलावेत अशी विश्वस्तांची आज्ञा झाली. ट्रस्टच्या कार्याचा आढावा आताच घेतला गेला. शिष्यवृत्त्या, वह्या-पुस्तके, गरजूंना औषधपाणी, या कामांविषयी माझ्यापेक्षा अधिकारी मंडळी बोलली आहेत. म्हणून मी एक घरगुती विषय निवडला आहे. दुपारी चार वाजता आपल्या हातात येणारा कप आणि त्यानंतर सहा तासांनी आपल्या डोळ्यांवर यावयाची झोप, या दोहोंचा संबंध काय, आणि कपाचे सुख न सोडता झोप कशी राखता येईल, एवढाच हा विषय.

विषय लहान दिसतो, पण झोप लहान गोष्ट नाही. आपल्या पंचक्रोशीत झोपेचे मारेकरी पुष्कळ आहेत. रब्बीच्या हंगामात पंपाची वीज रात्रीची आली की शेतकरी बांधावर कंदील नव्हे तर बॅटरी घेऊन उभा असतो. संत्र्याचा बहार तुटू लागला की रात्री-बेरात्री गाड्या भरल्या जातात. परीक्षा जवळ आल्या की मुले मध्यरात्रीपर्यंत पुस्तकावर डोके ठेवून बसतात. आणि ज्यांना यांतले काहीच करावयाचे नाही, अशी आपली वृद्ध मंडळी अंथरुणावर पडल्या पडल्या कौले मोजीत असतात. ती मंडळी सकाळी सांगतात, “मास्तर, रात्रभर डोळा लागला नाही.” त्यांनी दुपारनंतर किती वेळा चहा-कॉफी घेतली हे विचारले, की उत्तर बहुधा बोटांवर मोजून द्यावे लागते. दोष त्यांचाही नाही. चार घरी जावयाचे, तर चार कप होणारच. आपल्याकडे “नको” म्हणणे म्हणजे त्या घराचा अपमान करणे, असा समज आहे. तेव्हा प्रश्न आरोग्याचा आहे, तसाच तो पाहुणचाराचाही आहे.

प्रथम हा गुण कशाचा ते पाहू. कॉफीत आणि चहातही कॅफीन नावाचे एक द्रव्य असते. जर्मनीतील रुंगे नावाच्या तरुण रसायनशास्त्रज्ञाने १८१९ साली ते कॉफीच्या बियांतून वेगळे काढले. त्याला त्या बिया महाकवी गटे याने दिल्या होत्या, आणि यांत काय आहे ते शोधून काढ असे सांगितले होते. कॅफीन शुद्ध रूपात पांढरे व चवीला कडवट असते. मात्र कॉफीचा सुगंध व तिची बहुतेक चव त्यातून येत नाही. ती येते बी भाजताना तयार होणाऱ्या इतर अनेक द्रव्यांतून. हा मुद्दा आपण लक्षात ठेवावा, कारण पुढचे सारे बोलणे यावरच उभे आहे. कॉफीचे सुख आणि कॉफीची जाग या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि वेगळ्या असल्यामुळे त्या एकमेकींपासून सोडवता येतात.

जाग येते ती कशी? आपण जागे असतो, काम करतो, तसतसे मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते. ते मेंदूतील ठराविक जागांवर जाऊन बसले, की आपल्याला पेंग येऊ लागते. आता असे समजा, की आपल्या ओसरीवर एका पाहुण्यासाठी बाज टाकून ठेवली आहे. पाहुणा यायच्या आधीच दुसरा कोणी येऊन त्या बाजेवर पाय पसरून बसला. खरा पाहुणा आला, पण तो अंगणातच उभा राहिला. तो परत गेला नाही, नाहीसाही झाला नाही. फक्त त्याला बसावयास जागा नाही. कॅफीन हा तो बाज अडवून बसणारा आगंतुक होय. म्हणून कॉफी पिऊन थकवा जात नाही, थकव्याची बातमी तेवढी अडते. पुढे आगंतुक उठला, की अंगणात ताटकळलेले सारे पाहुणे एकदम आत शिरतात, आणि माणूस एकाएकी गळून गेल्यासारखा होतो.

हा आगंतुक उठतो किती वेळाने? मी मास्तर असल्यामुळे येथे एक उदाहरण फळ्यावर मांडल्याशिवाय राहवत नाही. निरोगी प्रौढ माणसाच्या रक्तातील कॅफीन निम्मे व्हावयास सरासरी ५ तास लागतात. समजा, दुपारी ४ वाजता एखाद्याने १०० मिलिग्रॅम कॅफीनची चांगली दाट कॉफी घेतली. रात्री ९ वाजता त्याच्या अंगात ५० मिलिग्रॅम उरतात. एका कप चहाएवढे हे झाले. म्हणजे झोपावयाच्या वेळेला कोणी त्याच्या हाती चहाचा कप दिल्यासारखेच आहे. रात्री २ वाजता २५, आणि सकाळी ७ वाजता साडेबारा. नवा कप घेण्याच्या वेळी जुना अजून पुरता संपलेला नसतो.

ही सरासरी झाली. माणसागणिक तीत मोठा फरक पडतो. कॅफीन मोडण्याचे काम यकृत करते, आणि ते काम कोणाचे झटपट होते, कोणाचे रेंगाळते. त्यामुळेच एकजण रात्री दहाला कॉफी पिऊन घोरत पडतो आणि दुसऱ्याला दुपारचा कप बाधतो. दोघांनी एकमेकांना खोटे ठरवू नये. विडी-सिगरेट ओढणाऱ्यांच्या अंगातून कॅफीन लवकर जाते. त्यांनी विडी सोडली, की पूर्वीचाच चहा त्यांना एकदम जड वाटू लागतो. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत उलट होते. निम्मे होण्याचा काळ ५ तासांवरून १५ तासांपर्यंत लांबू शकतो. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी जंतुनाशक औषधे चालू असतानाही कॅफीन अंगात जास्त वेळ टिकते. औषधांच्या दिवसांत ‘झोप का येत नाही’ याचे कोडे कधी कधी असे सुटते.

याविषयी पाश्चात्त्य देशांत नीट प्रयोग झाले आहेत. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात निरोगी माणसांना झोपण्याच्या ६ तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन दिले. तेवढ्या आधी घेऊनही त्यांची झोप १ तासाहून अधिक कमी झाली. २०२३ साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेण्यात आला. त्यातील हिशेब असा की, एका कप कॉफीतील १०७ मिलिग्रॅम कॅफीनने झोप कमी होऊ नये अशी इच्छा असेल, तर तो कप झोपण्यापूर्वी किमान ८.८ तास घ्यावा. आपण रात्री १० वाजता झोपत असाल, तर दशांशाचे गणित करा : दुपारी सुमारे सव्वा वाजल्यानंतर दाट कॉफी नको. म्हणजे जेवण आटोपून, झोहरची नमाज होऊन आपण ओसरीवर टेकतो न टेकतो, तोच मुदत संपते. आणि आपल्या चहाकॉफीची खरी वेळ तर असरच्या सुमाराची !

येथे कोणी म्हणेल, “मग कॉफीच सोडावी.” मी तसे म्हणत नाही. हे पेय कोठून आले ते एकदा पाहा, म्हणजे माझे म्हणणे कळेल. पंधराव्या शतकात येमेनमधील सूफी मंडळी रात्रीच्या जिक्रसाठी जागे राहावे म्हणून कॉफी घेत असत. जाग यावी याच हेतूने ती पिण्यात आली, तेव्हा ती जागवते म्हणून तिच्यावर रागावणे न्यायाचे नाही. पुढे १५११ साली मक्केचा अधिकारी खैर बेग याने कॉफीवर बंदी घातली, परंतु काहिऱ्याच्या सुलतानाने ती बंदी टिकू दिली नाही. आपल्या देशात ती आणण्याचे श्रेय परंपरा बाबा बुदन या फकिराला देते. हजहून परतताना त्यांनी मोखा बंदरातून सात बिया आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरावर लावल्या, अशी सतराव्या शतकातील कथा आहे. त्या डोंगराला आज बाबा बुदनगिरी म्हणतात, आणि हिंदू व मुसलमान दोघेही तेथे श्रद्धेने जातात. आपल्या जवळचे उदाहरण हवे असेल, तर विदर्भातील चिखलदऱ्याच्या थंड पठारावर इंग्रजी अमदानीपासून कॉफीची झाडे आहेत. आणि आपल्या मध्य प्रदेशात जबलपूरच्या कामगारांनी सहकारी संस्था काढून शहरोशहरी कॉफी हाउसे चालवली. तेथे एका कपावर तासन्‌तास वादविवाद करणाऱ्यांच्या कितीतरी पिढ्या होऊन गेल्या. इतक्या संगतीसोबतीचे पेय टाकून द्या असे सांगणे मला शोभणार नाही. फक्त चारनंतरच्या कपातून जाग काढून घ्यावी आणि सोबत ठेवावी, असे माझे म्हणणे आहे.

ही गोष्ट प्रथम साधली ती जर्मनीतील ब्रेमेन शहरी. लुडविग रोझेलियस नावाच्या कॉफीच्या व्यापाऱ्याने कच्च्या बिया वाफवून फुगवल्या, आणि मग बेन्झिनने धुऊन त्यांतील कॅफीन काढून घेतले. १९०६ साली त्याने या कॉफीचा कारखाना उभारला. बेन्झिन हे द्रव्य आरोग्यास घातक आहे हे कळल्यावर ती रीत पुढे सोडून देण्यात आली. आज तीन रीती मुख्यतः चालतात. एकीत दुसरी द्रावके वापरतात, आणि बी भाजताना ती उडून जावीत व उरलीच तर कायद्याने ठरवलेल्या अल्प मर्यादेत राहावीत, अशी काळजी घेतात. दुसरीत केवळ पाणी व कोळशाची गाळणी वापरून कॅफीन वेगळे करतात. तिसरीत मोठ्या दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड वायू बियांतून फिरवतात, आणि तो कॅफीन उचलून नेतो. ही तिसरी युक्ती झोझेल नावाच्या जर्मन संशोधकाची होय. निघालेले कॅफीन फुकट जात नाही. ते औषधांच्या आणि थंड पेयांच्या कारखान्यांना विकले जाते. आपण झोपेसाठी जे काढून टाकले, ते कोणीतरी बाटलीत घालून आपल्याच मुलांना पुन्हा विकत असतो, एवढे ध्यानात असावे !

अशा कॉफीला बाजारात ‘डिकॅफ’ म्हणतात. नाव ऐकून तीत कॅफीन मुळीच नसते असे समजू नये. युरोपातील नियमाप्रमाणे भाजलेल्या डिकॅफ कॉफीत हजार भागांत एका भागाहून अधिक कॅफीन राहता कामा नये. अमेरिकेत शंभरातले ९७ भाग काढलेले असावेत असा दंडक आहे. कपात उतरते ते साधारण २ ते १५ मिलिग्रॅम. पुन्हा फळ्याकडे या. ४ वाजता ६ मिलिग्रॅमचा कप घेतला, तर ९ वाजता ३ उरले. बहुतेक माणसांच्या झोपेला त्याचा धक्काही लागत नाही. तरी अशा कॉफीचे पाच-सहा कप घेऊन “काही होत नाही” म्हणणाऱ्याने बेरीज करून पाहावी.

आता व्यवहाराचा प्रश्न. डिकॅफची बरणी साध्या कॉफीपेक्षा महाग पडते, आणि ती रामाकोन्याच्या किराणा दुकानात मिळेलच असे नाही. नागपूरच्या मोठ्या दुकानांत मिळते, किंवा घरबसल्या मागवता येते. ज्यांना परवडेल त्यांनी अवश्य आणावी. परंतु ट्रस्टच्या सभासदांपैकी बहुतेकांना दररोज परवडावे असे उपाय मला सांगावयाचे आहेत, आणि ते आपल्या हाताशीच आहेत.

पहिला उपाय चिकोरीचा. आपल्या देशात स्वस्तात मिळणाऱ्या पुष्कळशा कॉफीच्या पुड्या खरे तर कॉफी आणि चिकोरी यांचे मिश्रण असतात. चिकोरी हे एका झाडाचे मूळ. ते वाळवून, भाजून त्याची पूड करतात. गुजरातेत व उत्तर प्रदेशात त्याची शेती होते. त्याला रंग आहे, कडवटपणा आहे, दाटपणा आहे, कॅफीन मात्र नाही. नेपोलियनने १८०६ साली इंग्रजांच्या मालावर बंदी घातली, तेव्हा युरोपात कॉफीचा तुटवडा पडला आणि चिकोरीचे दिवस आले. आपल्या कायद्याप्रमाणे मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असलीच पाहिजे, म्हणजे चिकोरी ४९ टक्क्यांपर्यंत चालते. दोहोंचे प्रमाण पाकिटावर छापलेले असते. शुद्ध कॉफीचे अभिमानी लोक या मिश्रणाला नाक मुरडतात. परंतु दुपारच्या वेळी हेच मिश्रण गरिबाची डिकॅफ होय. पाकीट घेताना एवढेच करा : सकाळसाठी कॉफी जास्त असलेले घ्या, दुपारसाठी चिकोरी जास्त असलेले घ्या. अक्षर बारीक असते. आजोबांना दिसत नसेल तर नातवाने वाचून दाखवावे, शाळेत शिकल्याचा तेवढा उपयोग व्हावा.

आकडे पाहा. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराविषयीच्या सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत दीडशे मिलिलिटरच्या कपात गाळून केलेल्या कॉफीचे कॅफीन ८० ते १२० मिलिग्रॅम, झटपट कॉफीचे ५० ते ६५, आणि चहाचे ३० ते ६५ असे दिले आहे. दिवसभरात ३०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये असेही त्यांत सांगितले आहे. आता निम्मी चिकोरी असलेल्या झटपट कॉफीचा एक सपाट लहान चमचा दुधात घातला, तर कपात २० ते ३० मिलिग्रॅम येतात. आपल्याकडच्या खळखळ उकळलेल्या कडक चहात याहून जास्त असतात. म्हणजे “मी कॉफीला हात लावीत नाही, फक्त चहा घेतो, तरी झोप नाही” असे म्हणणाऱ्यांनी चारचा कडक चहा सोडून चिकोरीची पातळ कॉफी घेतली, तर ते तोट्यात नव्हे, फायद्यातच राहतील.

दुसरा उपाय बियांच्या निवडीचा. कॉफीच्या दोन मुख्य जाती. अरेबिका जातीच्या बीत कॅफीन सुमारे सव्वा टक्का, आणि रोबस्टाच्या बीत त्याच्या जवळजवळ दुप्पट. भारतात रोबस्टाच अधिक पिकते. ज्यांच्या घरी गाळणीची कॉफी होते, त्यांनी पाकिटावर जात पाहून घ्यावी. कॅमेरूनच्या जंगलात तर मुळातच कॅफीन नसलेली कॉफीची एक जात सापडली असून, २००८ साली तिला शास्त्रीय नाव देण्यात आले. ती बाजारात यावयास अजून अवकाश आहे, पण निसर्गाला डिकॅफ ठाऊक होती, हे पाहून मौज वाटते.

तिसरा उपाय आपल्या बांधावरचा. पावसाळ्यात आपण ज्याची कोवळी भाजी खातो तो तरोटा सर्वांच्या परिचयाचा आहे. पश्चिम महाराष्ट्रात त्याला टाकळा म्हणतात. त्याच्या शेंगा वाळल्या, की आतले बी भाजून व दळून कॉफीऐवजी वापरण्याची रीत जुनी आहे. त्यात कॅफीन नसते. चव कॉफीची नव्हे, पण कॉफीच्या गोतावळ्यातली आहे. येथे मात्र दोन इशारे देतो. तरोट्याचे बी सारक आहे, तेव्हा चिमूटभराने सुरुवात करावी, आणि गरोदर स्त्रियांनी व लहान मुलांनी ते घेऊ नये. दुसरे असे, की तरोट्यासारखाच दिसणारा कासविंदा नावाचा त्याचा भाऊबंद आहे. त्याच्या शेंगा व बिया खाऊन उत्तर प्रदेशात मुले दगावली आहेत. ओळख पक्की नसेल त्याने या वाटेला जाऊ नये. भीती वाटत असेल, तर रमजानमध्ये आपल्या घरोघर खजुराच्या बियांचा ढीग पडतो, तो आहेच. अरबस्तानात त्या बिया धुऊन, वाळवून, काळपट होईतो भाजून कुटतात आणि त्याचे कॉफीसारखे पेय करतात. कुटावयास दणकट खलबत्ता आणि दणकट मनगट हवे, एवढीच अट.

कॉफी करावयाची कशी, हे भगिनींना मी सांगावे असे नाही. तरी दुपारच्या हलक्या कॉफीविषयी एक सूचना करतो. पूड कमी घातली की कॉफी फिकी लागते आणि घरचा माणूस कुरकुरतो. त्यावर उपाय सुगंधाचा. दूध थोडे आटवून घ्यावे, वेलदोडा घालावा, जायफळ किसणीवर एकदाच फिरवावे. मराठी घरांतील जुन्या कॉफीची खूण जायफळ हीच. जायफळाने झोप येते असे आपले वडील सांगत. त्या भरवशावर कोणी कडक कॉफी ढोसू नये, आणि जायफळ वाढवतही जाऊ नये, कारण जास्त जायफळ विषारी होते. सुगंधापुरते ते उत्तम. साखरही बेताची असावी, कारण मधुमेह आता गावातही घर करून आहे.

हलकी कॉफी म्हणजे सर्व दोषांपासून मुक्त कॉफी नव्हे, हेही सांगितले पाहिजे. ज्यांना आम्लपित्ताचा त्रास आहे त्यांना डिकॅफनेही छातीत जळजळ होऊ शकते. जेवणाबरोबर चहा किंवा कोणतीही कॉफी घेतली, तर अन्नातील लोह अंगी कमी लागते. आपल्या मुलींत व बायकांत रक्त कमी असण्याचे प्रमाण मोठे आहे. म्हणून जेवणाच्या आधी व नंतर निदान एक तास कप दूर ठेवावा. गरोदर स्त्रियांनी दिवसभरात मिळून २०० मिलिग्रॅमच्या आत राहावे, असे युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली सांगितले आहे. आणि लहान मुलांच्या बशीत चहा ओतून देण्याची जी प्रेमाची रीत आहे, ती प्रेम राखून बंद करावी.

सवय एकदम तोडू नये. रोज चार-पाच कप घेणाऱ्याने अचानक थांबवले, की १२ ते २४ तासांत डोके धरते, चिडचिड होते, अंग मोडून येते. दुसऱ्या दिवशी त्रास अधिक वाटतो, आणि दोनापासून नऊ दिवसांत तो जातो. रमजानच्या पहिल्या दोन-तीन रोजांना दुपारी कपाळ ठणकते, ते पुष्कळदा भुकेने नव्हे तर नेहमीच्या कपाच्या विरहाने. तेव्हा शाबान महिन्यातच दुपारचा कप चार-चार दिवसांनी पाव-पाव हलका करीत न्यावा. रोजे सुखाचे जातील. इफ्तारनंतर कडक चहा घेऊन तरावीहला उभे राहणारे पुष्कळ आहेत. ती जाग तरावीहपुरती राहत नाही, सहरीपर्यंत पुरते, आणि मग दिवसभर माणूस डुलक्या घेतो. आपल्या शेजारच्या भजनी मंडळींच्या जागराचीही हीच कथा आहे. वर्षातून एखाद्या रात्री जागावयाचे असेल तर कॉफी जरूर घ्यावी, त्यासाठीच तिचा जन्म आहे. रोजच्या रात्रीचे तसे नाही.

परीक्षेला बसणाऱ्या मुलांच्या आईबापांना एक विनंती. मुलाला रात्री अकरा वाजता दाट कॉफी करून देण्यात माया आहे, हे मी जाणतो. परंतु दिवसभर वाचलेले मनात पक्के बसण्याचे काम झोपेतच मोठ्या प्रमाणावर होते. झोप कापून अभ्यास वाढवणे म्हणजे पेरणी करून पाणी तोडण्यासारखे आहे. पोराला दहाला झोपवा, पहाटे उठवा, आणि काय द्यावयाचे ते पहाटे द्या. रात्री संत्र्याची गाडी घेऊन जाणाऱ्या चालकांना मी वेगळे सांगेन. त्यांनी कॉफी घ्यावी, पण डोळे मिटू लागल्यावर कॉफीच्या भरवशावर गाडी हाकू नये. गाडी बाजूला लावून पंधरा-वीस मिनिटे डोळा लावावा. अंगणात उभा असलेला पाहुणा केव्हातरी दार फोडून आत येतोच. तो वळणावर येऊ नये, एवढेच.

शेवटी मूळ प्रश्नाकडे, पाहुणचाराकडे येतो. हे सारे कळूनही एकट्या माणसाला ते आचरता येत नाही, कारण कप त्याच्या हाती दुसरा देतो. सांत्वनाला गेलेला, सोयरीक जुळवावयाला गेलेला, आजाऱ्याला पाहावयास गेलेला माणूस नाही कसे म्हणणार? म्हणून ही रीत घराघराने मिळून बदलावी लागेल, आणि अशा कामासाठीच आपला ट्रस्ट आहे. माझी सूचना साधी आहे. ट्रस्टच्या बैठकांत असरनंतर दोन किटल्या ठेवाव्यात. एक नेहमीची आणि एक हलक्या कॉफीची. वाढणाऱ्याने विचारावे, “कडक की हलकी?” आणि उत्तर काहीही आले तरी “का बरे?” असे विचारू नये. हलकी मागणारा आजारी समजला जाऊ नये, कंजूष समजला जाऊ नये, आणि त्याला आग्रहही होऊ नये. ट्रस्टच्या बैठकीत ही रीत रुळली, की ती आपोआप आपल्या ओसऱ्यांवर जाईल. यजमानाचा मान राहील, पाहुण्याच्या हाती गरम कप राहील, आणि त्या रात्री कोणाच्या घरी कौले मोजली जाणार नाहीत. याचा खर्च चिकोरीच्या एका पाकिटापलीकडे नाही, आणि त्याला वार्षिक सभेची मंजुरीही लागू नये.

पंचवीस वर्षांत या ट्रस्टने गावातल्या मुलांच्या हाती पुस्तके दिली, रोग्यांना औषध दिले. त्याच मांडीला मांडी लावून बसणाऱ्या मंडळींना शांत झोप देणे हेही पुण्याचेच काम आहे. रामाकोना २०२३ सालापासून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आले, जिल्हा बदलला, पण दुपारी चारला एकमेकांच्या दारी जाण्याची आपली रीत बदललेली नाही आणि ती बदलूही नये. ती टिकावी म्हणूनच मी हा कपाचा हिशेब आपल्यापुढे मांडला.